विणकामाचा उत्साह पुन्हा पुन्हा सुटतो? काम कुठे अडलंय ते आधी बघा

लोकर हौसेने आणली, टाके घातले, काठ झाला, वीतभर वीण वर आली आणि एक दिवस पिशवी कपाटात गेली ती गेलीच. दोन-तीन महिन्यांनी नवी लोकर, नवं डिझाइन आणि पुन्हा तीच गत. विणकाम शिकवताना ही तक्रार मला जितक्या वेळा ऐकू येते तितकी दुसरी कुठलीच येत नाही. "आता पूर्वीसारखं मनच लागत नाही", "आळशी झालेय मी", "हातातलं कसब गेलं बहुतेक" असं म्हणून बायका स्वतःला बोल लावत बसतात. विणणारे काही पुरुषही ओळखीत आहेत, त्यांचंही तेच.

याबाबत माझं मत आता पक्कं झालंय. मन उडणं हे लक्षण आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा त्या पिशवीतच असतं आणि काम नेमकं कुठल्या ओळीवर थांबलंय ते पाहिलं की हाती लागतं. ताप आला की आपण अंगाला दोष देत नाही, ताप कशाने आला ते बघतो. इथेही तसंच करायचं.

सगळ्या पिशव्या बाहेर काढा

घरात असतील तितकी अर्धवट कामं एकदम पलंगावर मांडा. लपवलेलीसुद्धा. एकेक हातात घ्या आणि फक्त एवढंच बघा की ते कुठे थांबलंय. काठ संपून साधी वीण सुरू झाल्यावर? मुंढ्यासाठी, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या खाचेसाठी, टाके कमी करायच्या ओळीपाशी? एक बाही पूर्ण झाल्यावर? की सगळे तुकडे तयार आहेत आणि फक्त जोडायचे राहिलेत?

यात दोन शक्यता निघतात. सगळी कामं साधारण एकाच टप्प्यावर अडलेली दिसली, तर तुमची अडचण त्या टप्प्यात आहे आणि ती तंत्राची आहे. कामं वेगवेगळ्या टप्प्यांवर पण एकाच सुमारास बाजूला पडली असतील, तर विणीत काही बिघाड नाही. त्या सुमारास तुमच्या हातांना, डोळ्यांना किंवा घरात काय झालं, हा प्रश्न विचारायचा. एवढा एक फरक कळला तरी निम्मं काम झालं, कारण पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. मनगट दुखतंय म्हणून थांबलेल्या बाईला सोपं डिझाइन देऊन काय उपयोग?

वीतभर होऊन थांबलंय: टेप लावा

हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे, म्हणून सविस्तर सांगते.

समजा स्वेटरची छाती 96 सेंमी हवी. म्हणजे पाठ 48 सेंमी. डिझाइनमध्ये लिहिलंय की 10 सेंमीत 22 टाके बसतात, म्हणून तुम्ही 106 टाके घातले. हिशोब बरोबर आहे. पण तुमचा हात थोडा सैल असला आणि तुमच्या विणीत 10 सेंमीला 20 च टाके बसत असले, तर तेच 106 टाके 53 सेंमी भरतात. पुढचा भागही तसाच होणार, म्हणजे छाती 106 सेंमी. स्वेटर एका माणसाचं राहत नाही, दुसऱ्याच माणसाचं होतं. फरक किती, तर 10 सेंमीत फक्त दोन टाके.

आता मनात काय होतं ते बघा. विणताना मांडीवर पसरलेला तुकडा रोज डोळ्यांसमोर असतो. तो रुंद होतोय हे हाताला कळत असतं, पण तसं मनाशीसुद्धा बोललं जात नाही, कारण बोललं की उसवावं लागेल. मग एके संध्याकाळी पिशवी उघडायचा कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशीही येतो. आठवड्याने आपण म्हणतो की उत्साह गेला. वास्तविक हाताने दिलेला इशारा आपण ऐकलेला नसतो.

म्हणून पहिली चाचणी ही. तुकडा टेबलावर सपाट पसरा, ओढू नका, काठ सोडून मधल्या भागात पट्टी ठेवून 10 सेंमीतले टाके मोजा. दोन-तीन ठिकाणी मोजा. घातलेल्या एकूण टाक्यांना त्या आकड्याने भागून दहाने गुणलं की खरी रुंदी सेंटिमीटरमध्ये मिळते. हव्या असलेल्या मापाशी ताडून बघा.

रुंदी बरोबर निघाली तर शंका मिटली आणि पुष्कळदा काम त्याच दिवशी पुढे सरकतं. चुकीची निघाली तर तीन मार्ग आहेत. घरात त्या मापाचं दुसरं कुणी असेल तर स्वेटर त्याचं करून टाका. नसेल तर उसवा आणि पाव मिलिमीटरने बारीक सुई घेऊन नमुना, म्हणजे त्याच लोकरीचा छोटा चौकोन, करून बघा. तिसरा मार्ग म्हणजे सुई तीच ठेवून टाके कमी घालायचे. 10 सेंमीला 20 टाक्यांच्या हिशोबाने 96 टाके लागतील. सैल वीण ज्यांना आवडते त्यांनी हाच मार्ग घ्यावा, हाताच्या सवयीशी भांडू नये. इथून पुढे बारीक सुईने विणून सावरून घेते, असं मात्र करू नका. खालचा घेर रुंद आणि वरचा भाग आवळलेला असा स्वेटर कुणीच घालत नाही.

पुढच्या वेळेसाठी एक सांगते. नमुना करणं सगळ्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. पण तो धुऊन, वाळवून मग मोजावा, कारण कित्येक लोकरी पहिल्या धुण्यात सैल पडतात. आणि नमुना निदान 15 सेंमी रुंद हवा, कडेचे टाके मापात धरायचे नसतात.

एकच टाका चुकलाय म्हणून सगळं थांबलंय

वेण्यांच्या किंवा जाळीच्या डिझाइनमध्ये हे होतं. दहा ओळी खाली एक वेणी उलट्या बाजूला वळलीय हे दिसतं आणि पुढे विणवत नाही. सगळं उसवायची हिंमत होत नाही आणि तसंच पुढे जायलाही मन घेत नाही.

सगळं उसवावं लागत नाही. वेणीतले चार किंवा सहा टाके, तेवढेच सुईवरून सोडा आणि चुकलेल्या ओळीपर्यंत शिडीसारखे उतरू द्या. बाकीचे टाके सुईवर तसेच राहतात. मग वेणी योग्य बाजूला फिरवून, शिडीचा एकेक आडवा धागा क्रोशाच्या सुईने ओढत टाके वर आणा. पहिल्यांदा छातीत धडधडतं हे खरं, म्हणून आधी नमुन्यावर करून बघा. हे जमलं की विणणाऱ्या माणसात बदल होतो, तो मी पुष्कळदा पाहिलाय. चूक दुरुस्त करता येते हे हाताला ठाऊक झालं की अवघड डिझाइन घ्यायला जीव कचरत नाही.

अवघड भाग सुरू करण्याआधी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा जाड सुईत ओवून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांमधून घालून ठेवावा. पुढे बिनसलं तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं, एक टाका पळत नाही. क्रोशात इतकं करावं लागत नाही. तिथे एकच टाका उघडा असतो, त्याला सेफ्टी पिन लावली की झालं.

एक बाही झाली, दुसरी होत नाही

मोज्यांचंही हेच. एक मोजा विणताना पुढे काय होणार याची उत्सुकता असते, दुसऱ्यात सगळं आधीच ठाऊक असतं. शिवाय पहिल्या बाहीत टाके किती ओळींनी वाढवले ते लिहिलेलं नसतं, म्हणून दुसरीत तीच बाही मोजत, ताडत विणावी लागते. खरा ताप या मोजामोजीचा असतो.

उपाय जुना आणि चांगला आहे. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, शेजारी शेजारी विणायच्या. एका ओळीत आधी डावी, मग उजवी. वाढवायचे टाके दोन्हींत एकाच ओळीत येतात, लांबी आपोआप सारखी होते आणि संपतात तेव्हा दोन्ही एकदम संपतात. गुंडे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून एक डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला ठेवा. ज्यांची एक बाही आधीच झालीय त्यांनी तिच्या ओळी दिवसाउजेडी मोजून कागदावर उतरवाव्यात. सुलट बाजूने प्रत्येक उलट्या डोंगरासारखा टाका म्हणजे एक ओळ. दोन्ही बाजूंनी सुलट विणलं असेल तर एक उभार म्हणजे दोन ओळी.

तुकडे तयार आहेत, जोडणी राहिलीय

इथे थांबलेल्या कामाला मी विणकामाचा कंटाळा म्हणतच नाही. विणणं संपलेलंच असतं. जोडणं हे वेगळं काम आहे, शिवणाचं, आणि विणायची आवड असलेल्या सगळ्यांना शिवण आवडतंच असं नाही. रात्री टीव्हीसमोर ते होत नाही. सकाळच्या उजेडात, टेबलावर, दोन्ही कडा शेजारी ठेवून, कडेच्या टाक्याच्या आतला आडवा धागा एकदा इकडचा, एकदा तिकडचा असा उचलत जायचं. अजिबातच नको वाटत असेल तर ओळखीत कुणी हे काम नीट करत असेल तिला द्या आणि त्याचे पैसे द्या. त्यात कमीपणा नाही. पुढचा स्वेटर सर्क्युलर सुईवर, म्हणजे दोन टोकं लवचीक तारेने जोडलेल्या सुईवर, गोल विणा, म्हणजे बाजूची शिवणच राहत नाही.

सुट्या टोकांचंही तसंच. शेवटी तीस टोकं लोंबत असतील तर कुणाचाही धीर सुटेल. रंग बदलला की पुढच्या दोन ओळी झाल्यावर टोक लगेच आत घालावं.

डोळे आणि हात

कामं वेगवेगळ्या टप्प्यांवर पण एकाच सुमारास थांबली असतील तर ही चौकशी आधी करा. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होत जातं आणि ते इतकं हळूहळू होतं की आपल्याला कळतच नाही. 40 नंबरच्या दोऱ्याने क्रोशाचे रुमाल करणारी बाई एकदम म्हणू लागते की बारीक कामात आता गोडी वाटत नाही. तिला तेच डिझाइन जाड सुती दोऱ्याने, मोठ्या सुईने करायला द्या. रमली, तर गोडी शाबूत आहे, चष्म्याचा नंबर काढून घ्या. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीचं रात्री विणायचं काम तर तरुण डोळ्यांनाही जड जातं. मांडीवर पांढरा पंचा पसरला आणि दिवा खांद्यामागून घेतला की टाके उठून दिसतात.

हात दुखत असेल तर तो दुखतोय हे मान्य करायलाच वेळ लागतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ, किंवा रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येणं, ही लक्षणं असतील तर विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. अशा मुंग्या बहुतेकदा मनगटातली नस दबल्याने येतात. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइडच्या त्रासात ते जास्त आढळतं. मन अशा वेळी सुया टाळतं ते आपल्या भल्यासाठीच टाळतं. बरं वाटल्यावरही लांब सरळ सुयांऐवजी सर्क्युलर सुई घ्या, कारण स्वेटरचं ओझं मांडीवर येतं आणि मनगटांवर लोंबत नाही. सुती दोरा लोकरीसारखा लवचीक नसतो, प्रत्येक टाका हातानेच ओढावा लागतो, म्हणून दुखऱ्या हाताने सुरुवात लोकरीवर करा.

ऋतूचं गणित

आपल्याकडे लोकर घ्यायची आठवण दिवाळीत थंडीची चाहूल लागल्यावर होते. स्वेटर फेब्रुवारीत निम्म्यावर येतो आणि तोवर थंडी सरलेली असते. निफाड-नाशिककडे किंवा महाबळेश्वरला थंडी बरी पडते, पण मुंबईत, कोकणात, गोव्यात जानेवारीतही स्वेटर क्वचित लागतो. मार्च-एप्रिलमध्ये घामेजल्या मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन कोण बसणार? घामाने धागा सुईवर अडतो, वीण आवळते. याला मनाचा दोष म्हणत नाहीत.

लोकरीचं काम श्रावणात सुरू करा, पाऊसही असतो आणि घरात बसणं होतं. होळीनंतर लोकर धुऊन, पूर्ण वाळवून बंद डब्यात ठेवा आणि सुती दोरा काढा. रुमाल, तोरण, पिशवी, उन्हाळ्यात हे करावं. लहान मुलांच्या स्वेटरला उशीर झाला तर गळ्यापासून खाली विणायच्या पद्धतीने करा. मूल पुढच्या थंडीत वाढलेलं असतं, तेव्हा खालचा काठ उसवून लांबी वाढवता येते.

सगळं दुसऱ्यांसाठीच विणताय का?

या कारणाबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण यात चांगल्या विणणाऱ्या बायका विणकाम कायमचं सोडतात.

घरात एकीला विणता येतं हे कळलं की नात्यातला प्रत्येक बाळंतविडा तिच्याकडे येतो. टोपरं, झबलं, मोजे, दुपटं, कुंची. "काकू, तुमच्या हातचंच हवं, बाजारातलं नको." ऐकायला गोड वाटतं आणि पहिले दोन-तीन बाळंतविडे मनापासून होतात. मग बारशाच्या तारखा येतात, रंग सांगितले जातात, फोटो पाठवून "असंच करा" म्हटलं जातं. लोकरीचे पैसे कधी मिळतात, मजुरीचा विषय कुणी काढत नाही. आणि दिलेलं टोपरं बाळाच्या डोक्यावर एकदाही दिसत नाही, तेव्हा आत काहीतरी खट्टू होतं. ही भावना क्षुद्र नाही. ज्यात आपले डोळे, बोटं आणि संध्याकाळी गेल्या, ती वस्तू वापरात दिसावी असं वाटणारच.

1973 साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलं आवडीने चित्रं काढणारीच निवडली होती. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना बक्षीस न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडे कमी वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. आवडीने होणारी गोष्ट 'कशासाठी तरी' होऊ लागली की आवड पातळ होते, हे विणकामात मी रोज बघते. मागणी, तारीख आणि कौतुकाची अपेक्षा यांचं वजन विणीवर येतं.

उपाय दोन पातळ्यांवर आहे. एक म्हणजे नाही म्हणायला शिकणं, तेही नातं न दुखावता. एक वाक्य मी सगळ्यांना पाठ करायला सांगते: "यंदा नवीन काम घेत नाहीये गं, पण टोपरं तुलाच शिकायचं असेल तर रविवारी ये, मी शिकवते." बहुतेक जणी येत नाहीत आणि मागणीही थांबते. येतात त्यांच्यातून एखादी खरी विणणारी निघते. ज्यांना विकायचंच आहे त्यांनी मजुरीचा दर आधी सांगावा आणि विकायचं विणकाम आणि स्वतःचं विणकाम यांच्या पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात.

दुसरं असं, की पुढचं काम स्वतःसाठी घ्यायचं. कुणी विचारणार नाही, फोटो टाकायचा नाही, तारीख नाही. रंग आपल्याला आवडेल तो. वर्षानुवर्षं विणणाऱ्या कित्येक जणींकडे स्वतः विणलेली शाल नसते, हे मी पाहिलंय.

रोज इतक्या ओळी, असा संकल्प

हा उपाय सगळे सुचवतात, पण मला तो नेहमी लागू पडताना दिसत नाही. इतिहासात याचं एक मोठं उदाहरण आहे. 1924 च्या बेळगाव अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसच्या सभासदाने दरमहा 2000 वार सूत द्यावं असा नियम झाला. स्वतः कातणं जमत नसेल तर दुसऱ्याने कातलेलं सूत आणून देण्याचीही मुभा होती. 1925 मध्येच तो बदलून चार आणे वर्गणी किंवा सूत असा पर्याय ठेवावा लागला. ज्यांना कातण्याची गोडी लागली होती ते आयुष्यभर कातत राहिले, नियम असो वा नसो.

ओळींचा आकडा ठरवला की एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी दुप्पट करावं लागतं आणि तिसऱ्या दिवशी पिशवीकडे बघवत नाही. त्यापेक्षा जागा आणि वेळ ठरवा. दुपारच्या चहानंतर खिडकीजवळची खुर्ची, तिथेच पिशवी, वर झाकण नाही. बसल्यावर दोन टाके झाले तरी चालतील, एक चूक उसवली तरी चालेल. विरारहून किंवा कल्याणहून लोकलने जाणाऱ्या बायकांचं क्रोशा-काम भराभर होतं, त्याचं कारणही हेच. जागा मिळाली की हात आपोआप पिशवीत जातो.

कपाट भरलंय, सुरुवातच होत नाही

थोडक्यात सांगते. नवी लोकर घेण्यातला आनंद खरा असतो, पण तो विणण्याचा आनंद नव्हे. पन्नास डिझाइनं मोबाइलमध्ये साठवली असतील तर महिनाभर एकही बघू नका. कपाटातली एकच लोकर काढा आणि त्यातून एका बैठकीत संपेल असं काहीतरी करा. क्रोशाचा गोल बरा. साखळीच्या रिंगमध्ये 12 खांब, दुसऱ्या फेरीत 24, मग 36, मग 48. प्रत्येक फेरीत 12 वाढले की गोल सपाट बसतो, कमी वाढले तर कडा वर उचलली जाते, जास्त वाढले तर झालर पडते. मुक्या खांबाचा, म्हणजे खांबापेक्षा बुटक्या टाक्याचा, गोल असेल तर दर फेरीला 6. तासा-दीड तासात कपाखाली ठेवायची चकती तयार होते. पुरं झालेलं काम हातात येणं, हे बऱ्याच दिवसांनी घडलेलं असतं आणि त्याचा परिणाम पुढच्या कामावर नक्की दिसतो.

जेव्हा कशातच मन लागत नाही

विणकामच नव्हे, तर जेवण, झोप, गप्पा, आवडती माणसं, कशातच दोन आठवडे किंवा जास्त गोडी वाटत नसेल तर वरचं काहीही करत बसू नका. तो नैराश्याचा त्रास असू शकतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. कुणाच्या जाण्यानंतर सुया उचलवत नसतील, तर त्याला मुदत घालू नका. आईच्या हातचा अर्धा स्वेटर पूर्ण करायचा की तसाच ठेवायचा, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नसतं.

बऱ्याच दिवसांनी पुन्हा हातात घेताना

सरळ पुढची ओळ विणायला घेऊ नका. मध्ये गेलेल्या महिन्यांत हाताचा ताण बदललेला असतो, नव्या ओळी वेगळ्या दिसतात आणि लगेच निराशा होते. आधी त्याच लोकरीचे वीस टाके वेगळे घालून आठ-दहा ओळी विणा, हात रुळू द्या. सुईचा नंबर आठवत नसेल तर लक्षात असू द्या की जुन्या नंबरांत आकडा मोठा तशी सुई बारीक: 12 नंबर म्हणजे 2.75 मिमी, 10 म्हणजे 3.25 आणि 8 म्हणजे 4. सुईवर महिनोन्महिने राहिलेली ओळ ताणलेली असते, ती मागे घेऊन पुन्हा विणा, नाहीतर तिथे आडवी रेघ राहते. ओळ अर्ध्यात सोडली असेल तर गुंड्याकडून येणारा धागा ज्या टाक्यातून निघतो तो शेवटचा विणलेला टाका. तो टाका ज्या सुईवर असेल ती उजव्या हातात धरा. लोकर कमी पडली आणि त्याच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, मिळाली नाही तर जुन्या आणि नव्या गुंड्याच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा, रंगातला फरक एका जागी डोळ्यांत भरत नाही.

आणि काही कामं उसवून टाकावीत. पाच वर्षांपूर्वी आवडलेला रंग आता आवडत नाही, ज्याच्यासाठी घेतलं ते मूल कॉलेजात गेलं, मग ते ओझं कशाला वागवायचं? उसवलेली खरी लोकर वेटोळी झालेली असते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, न पिळता पंच्यात दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. वाळली की धागा सरळ होतो. पाणी गरम नको आणि चोळायचंही नाही, कारण लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, ते उष्णतेने आणि घासण्याने एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो.

यापुढे कुठलंही काम बाजूला ठेवताना पिशवीत एक चिठ्ठी टाकायची सवय लावा. सुईचा नंबर, लोकरीचं लेबल आणि लॉट, कुठली ओळ झाली, पुढच्या ओळीत काय करायचं. आणि शेवटी एका वाक्यात, आज का थांबले ते. "मुंढ्याचा हिशोब कळला नाही." "डाव्या अंगठ्यात कळ." "बारशाची तारीख गेली." पुढच्या खेपेला सगळ्या पिशव्या मांडाल तेव्हा चिठ्ठ्या एकापुढे एक ठेवून वाचा. कुठल्या टप्प्यासाठी शिकवणी लावायची, कुणाला नाही म्हणायचं आणि चष्मा कधी बदलायचा, ते त्यावरून ठरवता येईल.